झेंडा कोणी उतरवला

"हात पुढे करा, मॅडम," फाटकावरच्या गार्डनं सांगितलं आणि माझ्या मनगटाला केशरी कागदी पट्टी चिकटवली. पट्टीवर छापलं होतं, 'अंतराळवीर'.

"मी इथं सहा वर्षं नोकरी केलीय," मी म्हटलं. "मला पट्टी कशाला?"

"पट्टीशिवाय कॅफेत पण घेत नाहीत, मॅडम."

आठ वर्षांपूर्वीची, जानेवारीतली सकाळ होती. मी चिपळूणहून गाडी करून आंजरोळीला आले होते. ज्या फाटकातून आम्ही ओळखपत्र दाखवून, पिशव्या उघडून आत जात होतो, तिथं आता प्लॅस्टिकचं एक मोठं रॉकेट उभं होतं आणि त्याच्या पोटात तिकीटखिडकी होती. तिथंच माझा पारा चढायला सुरुवात झाली. तेव्हा मी साठीला आले होते आणि राग यायला मला फारसं निमित्त लागत नसे. अजूनही लागत नाही.

आंजरोळीच्या किनाऱ्यावर आमचं केंद्र होतं. लहान रॉकेटं सोडायची, पन्नास-साठ किलोमीटर उंच, आणि तिथल्या वाऱ्याची मापं घ्यायची, एवढंच त्याचं काम. चंद्रावर वगैरे कोणी जात नव्हतं. सत्त्याहत्तर ते त्र्याऐंशी मी तिथं टेलिफोन ऑपरेटर होते. पुढे केंद्र बंद पडलं, सामान गेलं, माणसं गेली, आणि भिंतींवर शेवाळ चढलं. तीस वर्षांनी एका कंपनीनं ती जागा भाडेपट्ट्यानं घेतली आणि 'नभयात्रा अनुभव केंद्र' असं नाव दिलं. एका बाजूला पर्यटकांसाठी संग्रहालय, आणि जुन्या तळावरून कंपनी पुढे स्वतःची छोटी रॉकेटं उडवणार. त्या दिवशी उद्घाटन होतं. पाहुणे बारा वाजता येणार होते. मला साडेनऊलाच बोलावलं होतं, कारण व्यवस्थापकाची इच्छा होती की मी आधी सगळे बोर्ड एकदा नजरेखालून घालावेत.

व्यवस्थापक कौस्तुभ बर्डे, पुण्याचा, पस्तिशीतला. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर भांडायला सोपं गेलं असतं.

"मॅडम, तुम्ही आलात, बरं वाटलं," तो म्हणाला. "तुमच्या काळातले फारच थोडे लोक सापडतात. आधी साइट दाखवतो."

त्यानं साइट दाखवली. उड्डाणाच्या वेळी आम्ही ज्या जाड भिंतींच्या खोलीत श्वास रोखून बसायचो, ती खोली आता काउंटडाउन कॅफे झाली होती. माझं टेलिफोनचं टेबल जिथं होतं तिथं सॉसच्या बाटल्या होत्या. खाण्याच्या यादीत 'बूस्टर वडा' होता. रॉकेट जोडायच्या शेडमध्ये लग्नाआधीचे फोटो काढायची सोय केली होती, तासावर भाडं. रॉकेट जिच्यावरून सुटायचं ती लोखंडी पट्टी चंदेरी रंगानं रंगवून तिच्याशेजारी फोटोसाठी चौथरा बांधला होता.

"हे सगळं आज ना उद्या पडणारच होतं मॅडम," माझा चेहरा बघून कौस्तुभ म्हणाला. "आम्ही निदान उभं ठेवलं."

"उभं कसं ठेवलंय ते दिसतंय," मी म्हटलं.

तो हसला. मग आम्ही संग्रहालयात गेलो.

संग्रहालयाची माहिती सांगायला एक मुलगी नेमली होती. रुचिता तिचं नाव, चोविसेक वर्षांची, अंगावर कंपनीचा निळा टी-शर्ट. पाहुण्यांसमोर बोलायचं ते ती आमच्यापुढे एकदा म्हणून दाखवणार होती. पहिला बोर्ड झाला, दुसरा झाला. छान बोलत होती. वाऱ्याची मापं कशी घ्यायचे, रॉकेट सोडायच्या आधी समुद्र कसा मोकळा करायचे, सगळं स्वच्छ आणि न अडखळता. समुद्र मोकळा करायची पद्धत आमच्याकडे साधी होती. गावाच्या दक्षिणेला टेकडी आहे, तिला टेंबी म्हणतात. टेंबीवर खांब, खांबाला तांबडा झेंडा. झेंडा चढला की होड्यांनी परत यायचं, आणि उतरेपर्यंत पाण्यात जायचं नाही. टेंबीवर एक माणूस आणि त्याच्याजवळ हँडल फिरवायचा एक फोन. तो फोन थेट माझ्या टेबलावर वाजायचा.

पाचव्या बोर्डापाशी येऊन रुचिता थांबली.

"पुढे," कौस्तुभ म्हणाला.

"सर, मी तुम्हाला परवाच सांगितलंय. हा बोर्ड मी वाचणार नाही."

"रुचिता, आज नको."

मी चष्मा पुसून बोर्ड वाचला. मथळा होता, 'सुरक्षेचा धडा'. खाली लिहिलं होतं: चौदा डिसेंबर एकोणीसशे एकोणऐंशी रोजी झेंडेवाला राघो चोगले यानं परवानगी न घेता धोक्याचा झेंडा उतरवला आणि जागा सोडली. होड्या समुद्रात गेल्या. रॉकेटचा रिकामा खालचा टप्पा एका होडीवर पडून नथू वाघे हा मच्छीमार दगावला. एका माणसाचा हलगर्जीपणा दुसऱ्याचा जीव घेऊ शकतो. आणि शेजारी शाळेच्या मुलांना मजा वाटावी म्हणून एक चित्र काढलं होतं. झाडाखाली लंगोटीतला एक माणूस तोंड उघडं टाकून झोपलाय आणि झेंडा त्याच्या उशाला आहे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे कोणी लिहिलं?"

"कंटेंट टीमनं. का, तारीख चुकलीय का?"

"तारीख बरोबर आहे. बाकी सगळं खोटं आहे. हे चित्र आधी काढून टाका."

"माझे आजोबा आहेत ते," रुचिता म्हणाली. मान वर न करता म्हणाली. "सर म्हणतात, रोज चार वेळा वाचायचं. शनिवार-रविवार सहा वेळा. नाही वाचलं तर उद्यापासून येऊ नको."

"मी असं म्हटलं नाही," कौस्तुभ म्हणाला. "मी म्हटलं, सगळे बोर्ड वाचणं हे काम आहे. तुझं कोणी असेल म्हणून इतिहास बदलत नाही."

"इतिहास," मी म्हटलं. "तुम्ही जन्मला तरी होतात का? मी होते तिथं. ऐका आता दोघं."

आणि मी सांगितलं. बाजूच्या बाकावर बसले नाही, उभ्याउभ्याच सांगितलं. त्या दिवशी उड्डाण साडेदहाला ठरलं होतं. दहाला टेंबीवर झेंडा चढला. पण वारा उतरेना. साडेअकरापर्यंत वाट बघून आमच्या देशिंगकर साहेबांनी उड्डाण रद्द केलं. गावाचा अर्धा दिवस आधीच बुडाला होता, म्हणून ताबडतोब झेंडा उतरवायला सांग, असा मला हुकूम झाला. अकरा चाळीसला मी टेंबीवर फोन केला. राघो चोगल्यांनी निरोप परत म्हणून दाखवला, तशी पद्धतच होती, आणि झेंडा उतरवला. होड्या गेल्या. राघो जेवायला घरी गेले. त्यांनी जायचं नाही तर काय करायचं होतं? रद्द म्हणजे रद्द.

"मग उडालं कसं?" कौस्तुभनं विचारलं.

"बाराला दिल्लीचे पाहुणे आले. दुसऱ्या दिवशी येणार होते ते आधीच आले. आणि नेमका वारा पडला. साहेबांना वाटलं, इतकी मोठी माणसं आलीत तर करून दाखवू. मला म्हणाले, झेंडा परत चढवायला सांग. बारा पाचला मी टेंबीवर हँडल फिरवत बसले. उत्तर नाही. साहेबांना सांगितलं, उत्तर नाही. ते म्हणाले, मग अजून उतरवलाच नसेल, हे लोक कुठे इतक्या चपळाईनं कामं करतात. आणि बारा पंचविसाला रॉकेट सोडलं. खिडकीतून टेंबी दिसत होती. कोणी मान वळवून बघितलं नाही."

रुचितानं तोंडावर हात ठेवला होता. "फोन आला होता," ती म्हणाली. "आजोबा तेच सांगतात. जन्मभर तेच सांगतायत. कोणी खरं धरलं नाही."

"मी धरते ना. मी केला तो फोन."

ती एकदम माझ्या हाताला बिलगली. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. आयुष्यभर ज्याची चीड मनात धरून ठेवली होती ते मी एकदाचं तोंडावर बोलून टाकलं होतं, आणि ज्याच्या बाजूनं बोलले त्याची नात माझा हात धरून उभी होती.

कौस्तुभ मात्र गोंधळला होता. "मॅडम, तुमच्यावर अविश्वास नाही. पण फोन केला असता तर नोंद असती ना?"

"कसली नोंद?"

"संदेश वही आहे की आमच्याकडे. पुरावा तपासल्याशिवाय बोर्ड कसा लिहू? खरं म्हणजे तिच्यासाठीच तुम्हाला शोधून काढलं. तुमच्या जुन्या स्टोअरकीपरनी सांगितलं, हे अक्षर कोणाचं ते."

त्यानं मला पलीकडच्या काचेच्या पेटीपाशी नेलं. पेटीत एक लांबट वही उघडी ठेवली होती, खाली मंद दिवा. आणि एक चिठ्ठी: 'संगणकापूर्वीची शिस्त. टेलिफोन ऑपरेटरच्या देखण्या हस्ताक्षरातील मूळ नोंदवही.'

वही चौदा डिसेंबरच्या पानावर उघडी होती.

दहा वाजता टेंबीवर झेंडा चढवला. दहा दहाला समुद्र मोकळा. साडेदहाला वाऱ्यामुळे थांबा. आणि त्याच्याखाली लगेच, बारा पंचवीस, उड्डाण. मध्ये काही नाही. सरळ ओळी, गोलसर वळणदार अक्षरं, एक काना वाकडा नाही. पानाच्या तळाशी देशिंगकर साहेबांची सही.

ती वही कधीच जळून गेली असेल, असं मी धरून चालले होते. केंद्र बंद झालं तेव्हा ट्रकभर कागद जाळल्याचं ऐकलं होतं, आणि ऐकून सुटल्यासारखं वाटलं होतं.

"हे तुमचंच अक्षर ना, मॅडम?" कौस्तुभनं विचारलं.

"हो."

"मग अकरा चाळीस कुठंय?"

आमच्याकडे दोन वह्या असत. उड्डाणाच्या धांदलीत येईल तसं खरडायची ती कच्ची वही. दुसऱ्या दिवशी तिच्यावरून पक्की वही स्वच्छ लिहायची. वरच्या कचेरीतून तपासणी यायची ती पक्क्या वहीची, आणि तपासणारे साहेब गिचमिड अक्षर दिसलं की शेरा मारायचे. महिना संपला की कच्ची वही फाडून टाकायची. माझं अक्षर केंद्रात सगळ्यांत चांगलं, म्हणून नक्कल करायचं काम माझ्याकडे. मला त्याचा केवढा अभिमान होता. बोरू नव्हता, तरी बोरूनं लिहिल्यासारखं लिहायची.

पंधरा डिसेंबरला सकाळी नक्कल करायला बसले, तेव्हा साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. म्हणाले, "या दोन ओळी राहू देत. गोंधळाच्या आहेत, तपासणीत उगाच प्रश्न निघतील. बाकीचं तुझ्या नेहमीच्या पद्धतीनं सुंदर लिही." मार्चमध्ये मी नोकरीत कायम होणार होते. मी दोन ओळी सोडल्या आणि बाकीचं सुंदर लिहिलं.

हे सगळं मी त्या दोघांना सांगितलं. पण सांगताना माझा सगळा भर साहेबांवर होता. कसा माणूस होता, कसा पाहुण्यांपुढे मिरवायचा, चौकशीत कसा हात वर करून मोकळा झाला, पुढे बढती घेऊन कसा गेला. माझा आवाज चढत होता. रुचितानं माझा हात सोडला होता, ते मला जरा उशिरा कळलं.

"तुम्ही लिहिलं नाही," ती म्हणाली.

"अगं, त्यांनी लिहू दिलं नाही."

"चौकशीत विचारलं असेल ना तुम्हाला?"

"विचारलं. वहीत आहे तेच खरं का, म्हणून विचारलं. समोर साहेब बसलेले. मी तेवीस वर्षांची होते."

"आजोबांनी होडी विकली," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत आहे का? होडी पाण्यातून वर ओढायला दहा-बारा माणसांचे खांदे लागतात. कोणाचीही असो, जो किनाऱ्यावर असेल तो खांदा देतो. आजोबांच्या होडीला गावानं खांदा देणं बंद केलं. नथू वाघ्यांना यानं मारलं, म्हणून. होडी भरतीत आपटून फुटायला लागली, तेव्हा विकली. मग आंबे राखले, लोकांच्या विहिरी उपसल्या. तुम्ही तेव्हा कुठं होतात?"

मी तेव्हा कायम झाले होते. मग लग्न होऊन चिपळूणला गेले. दर डिसेंबरात देशिंगकर साहेबांना मनातल्या मनात शिव्या देत होते आणि तेवढ्यानं आपण राघोदादांच्या बाजूचे आहोत असं समजत होते.

कौस्तुभनं घड्याळ पाहिलं. "मॅडम, असं करा. तुमचं म्हणणं लेखी द्या. मी हेड ऑफिसला पाठवतो. लीगलकडून आलं की बघू. दोन-तीन महिन्यांत कळेल. आज मात्र बोर्ड आहे तसा राहील. साहेब वारलेत, कच्ची वही नाही, आणि पक्क्या वहीत तुमच्याच हातानं वेगळं लिहिलंय. माझ्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत?"

मला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण काय चुकीचं बोलला होता तो? त्याच्या जागी मी असते तर साहेबांना हवं तेच केलं असतं, हे मी करूनच दाखवलं होतं.

"आजोबा बाहेर आहेत," रुचिता म्हणाली. "कुंपणापाशी बसलेत. उद्घाटनाच्या पत्रिकेवरचं तुमचं नाव मी वाचून दाखवलं. इतक्या वर्षांत या फाटकाकडे फिरकले नाहीत. आज म्हणाले, मला न्हेऊन बसव."

कुंपणाच्या कडेला सुरूच्या झाडांखाली एका दगडावर राघोदादा बसले होते. सत्तरी ओलांडलेली, अंगात धुतलेला पांढरा सदरा, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. चेहरा मी ओळखला नसता. मी "राघोदादा" म्हणून हाक मारली, तेव्हा त्यांनी आधी कान माझ्याकडे केला, मग मान.

"शशीबाय," ते म्हणाले. "आवाज तोच हाय."

मी त्यांच्यापुढे वाळूतच बसले. "राघोदादा, आत तुमच्याबद्दल भलतंच लिहिलंय. मी भांडले त्यांच्याशी."

"आयकलंय. हितवर येत व्हता आवाज."

"तो देशिंगकर, त्यानंच सगळं केलं. मला सांगितलं..."

"ऱ्हाऊ दे साहेबाचा. मेला तो." त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. "तुमाला येक सांगायचा व्हता. म्हनून आलो. चौकशीत मला इचारलानी, फोन आला म्हंतोस तर कोनाचा आवाज व्हता? मी म्हटला, वळखला नाय."

मला कळेना. "वळखला नाय? रोज दहा वेळा बोलायचो आपण. तुम्हाला तर माझा आवाज झोपेतसुद्धा ओळखता आला असता."

"तर. पन तुमी पल्याडच्या खोलीत बसलेल्यात. तुमाला माज्या मागनं आत न्हेनार व्हते. म्हटला, पोरगी नवी हाय, बिनलग्नाची. मी नाव घेतला तर साहेब तिच्यामागं लागल, ती हैरान व्हईल. ती आपल्या तोंडानं सांगल तर ती गोष्ट येगळी. आनि सांगलच की. ती काय खोटा बोलनारी नाय. मंग तुमाला आत न्हेलानी. तुमी भायेर आल्यात आनि माज्यावरनं तशाच गेल्यात. माज्याकडं बगलात पन नाय. तवा कळला मला."

"तुम्ही नंतर का नाही सांगितलंत? गावाला? कोणालाही?"

"काय सांगू? येकदा वळखला नाय म्हनून बसलो. मागनं नाव घेतला तर लोक म्हनतील, आता पोरीवर ढकलतोय."

रुचिता मागे उभी होती. तिलाही हे नवीन होतं, तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

सदतीस वर्षं माझा समज असा की राघोदादांना मी वाचवलं नाही, एवढंच. वाचवायचं राहून गेलं, इतपतच माझा दोष. त्यांनी मला वाचवलं होतं आणि मी त्यांच्या अंगावरून चालत गेले होते, हे मला त्या दगडापाशी कळलं. मला संताप आला, आणि या खेपेला तो काढायला समोर कोणी साहेब नव्हता. रडायला येत होतं, पण रडले असते तर या माणसानं माझंच सांत्वन केलं असतं. म्हणून रडले नाही.

"चला," मी उठले. "आत चला."

"मी कशाला?"

"तुमच्यासमोर लिहिते. तुम्ही नसलात तर मी पुन्हा काहीतरी भलतं लिहीन. माझा भरवसा नाही."

ते रुचिताच्या खांद्यावर हात ठेवून उठले. फाटकावर गार्ड पट्टी घेऊन पुढे आला, तेव्हा रुचितानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो बाजूला झाला.

काचेच्या पेटीची किल्ली तिच्याकडेच असायची, रोज पुसायला. तिनं ती खिशातून काढली.

"रुचिता, हात लावू नको," कौस्तुभ धावत आला. "हेरिटेज डॉक्युमेंट आहे ते. मॅडम, तुम्ही तरी समजून घ्या. नुकसान केलंत तर मला तक्रार करावी लागेल. हिची नोकरी आजच जाईल."

"ती जाणारच होती, सर," ती म्हणाली आणि कुलूप काढलं.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. तक्रार झाली. सरकारी ठेव्याची खराबी केली म्हणून पोलीस ठाण्यात माझ्या तीन खेपा झाल्या. रुचिताची नोकरी गेली, ती आता दापोलीला एका शाळेत विज्ञान शिकवते. बोर्ड मात्र महिनाभरात उतरला. वर्तमानपत्रात आल्यावर कंपनीला तो ठेवणं परवडेना. कौस्तुभनं मला पाठवलेल्या शेवटच्या पत्रात लिहिलं होतं की तुम्ही त्या दिवशी मला विचारायला हवं होतं. बिचाऱ्याला अजूनही वाटतं की विचारून झालं असतं.

तर वही बाहेर आली. मी पर्समधून पेन काढलं. साडेदहाची ओळ आणि बारा पंचविसाची ओळ यांच्यामध्ये बोटभरसुद्धा जागा नव्हती, इतकं नीट लिहिलं होतं मी. मग समासात लिहिलं. अक्षर वेडंवाकडं येत होतं. बाहेर पाहुण्यांच्या गाड्या लागल्याचे आवाज यायला लागले आणि कौस्तुभ एकदा दाराकडे, एकदा आमच्याकडे बघत तिथंच उभा राहिला.

"वाच गो," राघोदादा नातीला म्हणाले. त्यांना लिहितावाचता येत नव्हतं.

रुचितानं वही उचलून मोठ्यानं वाचलं. "अकरा चाळीस. उड्डाण रद्द झाल्याने झेंडा उतरवण्याचा निरोप टेंबीवर फोनने देण्यात आला. राघो चोगले यांनी हुकमाप्रमाणे झेंडा उतरवला. बारा पाच. झेंडा पुन्हा चढवण्यासाठी फोन करण्यात आला. उत्तर नाही. तसे साहेबांना सांगण्यात आले. वरील दोन नोंदी नक्कल करताना गाळण्यात आल्या."

राघोदादांनी डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं, झालं. मी पेनाचं टोपण लावायला लागले.

"कोनी?" ते म्हणाले.

"काय?"

"कोनी गाळल्यान?"

रुचितानं माझ्याकडे पाहिलं नाही. वही तिनं तशीच उघडी धरली होती.

"देशिंगकर साहेबांनी मला..."

"साहेबाचा हात व्हता का लिवायला?"

"नाही," मी म्हटलं. "माझा होता."

"मंग ता लिवा."

मी पुन्हा वाकले. तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं, म्हणून तेव्हाचं नाव लिहिलं: मी, शशिकला नेने. रुचितानं तेही मोठ्यानं वाचलं.